धुतलेल्या काचा

४ सप्टेंबर, सोमवार

प्रयोगशाळेच्या वहीत तापमान, कापाची जाडी, वेळ आणि सही एवढंच लिहायचं असतं. रागाला तिथे रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही काढली.

काल दादाकडची सात कुत्री गेली. लोक परगावी जाताना आपली कुत्री त्याच्या श्वानगृहात ठेवतात. अठरा वर्षांत एकही कुत्रं कान फाटून परत गेलं नव्हतं. काल सकाळी त्याने सगळ्यांना गोचिडाच्या औषधाने आंघोळ घातली, दुपारी तलावावर पोहायला नेलं. काठाला हिरवी साय धरली होती, अगदी रंग ओतल्यासारखी, असं तो म्हणतो. कुत्री त्यातूनच पाण्यात गेली, बाहेर आली, अंग चाटत बसली. अर्ध्या तासात पहिलं थरथरायला लागलं. तासाभरात चार गेली, संध्याकाळपर्यंत बाकीची तीन.

एका मालकाने तक्रार केली. इन्स्पेक्टर आला, गोचिडाच्या औषधाची बाटली पिशवीत घालून घेऊन गेला. तलावाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. म्हणे औषध जास्त घातलं असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी!

वहिनी म्हणाली, दादा रिकाम्या पिंजऱ्यांना पाणी घालून आला.

६ सप्टेंबर, बुधवार

पाच कुत्र्यांच्या यकृताचे तुकडे आमच्याकडे आले. दोन मालकांनी शवं परस्पर नेऊन पुरली. तलाव खात्याने पाण्याचा नमुना आज घेतला, तोही होडीतून, मधोमध जाऊन. परवाच्या वाऱ्याने काठावरची साय कुठल्या कुठे गेली. पाणी स्वच्छ आहे असा त्यांचा दाखला दुपारी हजर! आता त्या सायीतल्या शेवाळाचं विष असेल तर ते एकाच जागी असेल, या पाच तुकड्यांत.

साहेबांनी काम मलाच दिलं. आमच्या साहेबांना सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण इमारतीला आग लागली तरी ते हाच एक शब्द बोलतील. दादा माझा भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नाही. लग्नानंतर आडनाव बदललं त्याचा एवढा एक उपयोग झाला. सांगायला हवं होतं, कळतं मला. पण सांगितलं असतं तर काम गबाळीकडे गेलं असतं.

गबाळी म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात आलेली बाई. वयाने माझ्याएवढीच. आधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत होती. तिचं टेबल बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पेनाची टोपणं, चहाचा डाग, अर्धवट लेबलं. आणि काचा! काप उचलून काचेवर ठेवला की झालं हिचं काम. त्यावर रक्त, मीठ, चरबी, काय वाट्टेल ते असो.

माझी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. गोठलेल्या तुकड्याचा केसापेक्षा बारीक काप घ्यायचा, काचेवर बसवायचा, दोनदा अल्कोहोलमधून आणि एकदा पाण्यातून काढायचा. मगच लेझरसाठी लागणाऱ्या रसायनाचा फवारा. मग लेझर ठिपक्याठिपक्याने त्या कापावर फिरतो, मोठं यंत्र प्रत्येक ठिपक्यातल्या रेणूंची वजनं मोजतं, आणि कुठला पदार्थ यकृतात कुठे बसलाय त्याचं रंगीत चित्र पडद्यावर येतं. सहा वर्षं प्रथिनांची चित्रं काढतोय आम्ही. माझ्या चित्रांत कधी डाग नसतो. बाहेरच्या लोकांना दाखवायला साहेब माझ्याच काचा काढतात. जे धुऊन जातं तो मळ, जे राहतं ते खरं, असं मी गबाळीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती जांभई देत होती.

आज पाचही काचा अल्कोहोलमधून दोनदाऐवजी तीनदा धुतल्या. दादाचं काम आहे.

७ सप्टेंबर, गुरुवार

काही नाही. पडद्यावर पाचही यकृतं काळी. एक ठिपका नाही.

धुऊन झाल्यावर प्रत्येक कापाच्या कोपऱ्यावर मी शुद्ध विषाचा एक थेंब ठेवला होता, यंत्र बरोबर बघतंय की नाही ते कळायला. तो थेंब लखलखीत दिसतोय. म्हणजे यंत्र आंधळं नाही. मग विष गेलं कुठे?

९ सप्टेंबर, शनिवार

दादाकडे गेले. सात पिंजऱ्यांची दारं सताड उघडी. अंगणात एकच कुत्री उरली आहे, त्याची स्वतःची म्हातारी. पाय दुखतात म्हणून ती त्या दिवशी तलावावर गेली नव्हती. आंघोळ तिलाही घातली होती का, असं मी विचारलं. दादा म्हणाला, “नाही गं, तिला पाणी सोसत नाही.” तिलाही घातली असती तर किती बरं झालं असतं, औषधाने कुत्रं मरत नाही हे दिसलं असतं! तेवढाच एक पुरावा होता, तोही आमच्या नशिबात नाही.

“तुझ्या यंत्रात काय आलं?” त्याने विचारलं.

“अजून काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे दिसत नाहीये. पण बघते मी. आमच्याकडे कोणीतरी काहीतरी घोळ घालतंय. तुकडे बदलले असतील, वितळवले असतील. तलाव खात्याचा माणूस परवा साहेबांच्या खोलीत तासभर बसला होता.”

“यंत्र चुकलं असेल?”

“यंत्र नाही चुकत दादा. आणि माझा हातही चुकत नाही. कुत्र्यांच्या यकृतात ते असतं तर मला दिसलंच असतं!”

दादाने मान हलवली आणि गोचिडाच्या औषधाची दुसरी, नवीन बाटली कपाटातून काढून तिचं झाकण बोटांत फिरवत बसला. मी अजून तलाव खात्याच्या नावाने बोटं मोडत होते. निघताना मी त्याला म्हटलं, “काळजी करू नकोस. काय वाट्टेल ते करीन, पण तुला यातून सोडवीन.” तो हसला. बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

नवीन काप घेतले. पुन्हा काळं.

साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. म्हटलं, “सर, तुकडे फ्रीझरमधून कोणी काढले होते का?”

“कोणी नाही. का?”

“विष विरघळून गेलंय. कोणीतरी वितळू दिलंय.”

“सावकाश. कदाचित विष नसेलच.”

“तासाभरात चार कुत्री मरतात सर!”

“गोचिडाचं औषध कातडीवर भरपूर सापडलंय.”

“आंघोळच घातली तर कातडीवर सापडणार नाही तर काय! आत किती गेलं ते सांगा!”

“ते खात्रीने सांगता येत नाही असं शेजारचा विभाग म्हणतो.” मग ते माझ्याकडे बघत राहिले. “तुम्ही या केसमध्ये इतक्या का चिडता?”

“मी प्रत्येकच केसमध्ये चिडते,” मी म्हटलं. ते खोटं नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

गबाळीने विचारलं, “ताई, तुमची एक काच बघू का?” मी म्हटलं, आधी स्वतःचं टेबल बघ.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

दादाचा फोन आला, दुपारी, ऐन कामात. “छोटे, दहा लिटर पाण्याला दोन झाकणं की दोन चमचे?”

“मला काय माहीत? बाटलीवर लिहिलं असेल ना.”

“लिहिलंय दोन झाकणं. पण मी त्या दिवशी कशाने मोजलं तेच आठवत नाही. जुन्या बाटलीचं झाकण लहान होतं. नवीनचं मोठं आहे.”

“दादा, आता ते उगाळत बसू नकोस. तू अठरा वर्षं मोजतोयस.”

“म्हणूनच तर. हात आपोआप चालतो. लक्ष कुठे असतं?”

साहेब दारात उभे होते, अहवाल मागायला. मी फोन ठेवला. त्या तलाव खात्याच्या माणसाने आज पुन्हा चौकशी केली म्हणे. इतकी घाई कसली आहे यांना? कुंपणच शेत खातंय, आणि मी हात बांधून बघत बसायचं!

१८ सप्टेंबर, सोमवार

सही केली. ‘शेवाळजन्य विष आढळले नाही.’ तीन वेळा काप घेतले, तिन्ही वेळा काळे. करू तरी काय? सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर उमटलं.

अहवाल इन्स्पेक्टरकडे गेला. एक प्रत दादाला. वहिनीला फोन करून सांगितलं की हा शेवट नाही, मी वर अर्ज करणार आहे, साहेबांविरुद्धसुद्धा. ती एवढंच म्हणाली, “ते जेवत नाहीत गं.”

२० सप्टेंबर, बुधवार

वहिनीचा फोन. दादाने कबुली लिहून दिली.

कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून स्वतः इन्स्पेक्टरकडे गेला आणि लिहून आला: औषध माझ्या हातून जास्त पडले. सातही मालकांना पत्रं टाकली. श्वानगृहाची पाटी काढून अंगणात पालथी ठेवली आहे.

मी धावत गेले. इतकी ओरडले की शेजारी खिडकीत आले. “तुला वेड लागलंय का? तू केलेलं नाहीस ते कबूल कसं करतोस?”

तो शांतपणे म्हणाला, “तुझाच अहवाल आहे ना. तुझी सही मी ओळखतो. तुझ्या हाताला दिसलं नाही म्हणजे तलावात नव्हतंच. मग मीच.”

“मी कुठे म्हटलं तूच म्हणून!”

“म्हणायला कशाला पाहिजे?”

मी घरी निघून आले. सावकाशचा, तलाव खात्याचा, त्या इन्स्पेक्टरचा, सगळ्यांचा राग आलाय. माझ्या भोळ्या भावाला या लोकांनी गुंडाळलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

गबाळीने आज कहर केला. मला न विचारता तिसऱ्या कुत्र्याच्या तुकड्याचा काप घेतला! फवाऱ्याचा सराव करायचा होता म्हणे. आणि काच धुतलीच नाही! तशीच, रक्तासकट, यंत्रात घातली आणि जेवायला निघून गेली. मी परत आले तर यंत्र चालू, पडद्यावर माझ्या केसचा नंबर.

ती आल्या आल्या मी तिला फैलावर घेतलं. पूर्ण मजला ऐकत होता. म्हटलं, “लाज वाटते का? पुराव्याचा तुकडा आहे तो! बापाचा माल आहे? आणि धुवायचं तरी कळत नाही का?”

ती घाबरली नाही. खांदे उडवून म्हणाली, “ताई, आम्ही पानं कधीच धूत नव्हतो. धुतली की साखर निघून जाते. प्रथिनं राहतात, बारीकसारीक सगळं जातं.” मग पडद्याकडे बोट केलं. “हे काय आहे बघा तरी.”

चित्र घाणेरडं होतं. कडेला मिठाचे डाग, एक सुरकुती. आणि त्या घाणीच्या मधे, यकृताच्या शिरांच्या बाजूने, विषाच्या वजनाचे ठिपके. लाल. ओळीच्या ओळी.

मी तिला म्हटलं, थेंब सांडला असेल तुझा. ती म्हणाली, “मी थेंब ठेवलाच नाही. विसरले.”

२२ सप्टेंबर, शुक्रवार

एकाच तुकड्याचे शेजारशेजारचे दोन काप घेतले. एक धुतला, एक नाही. पहिला धुऊन झाल्यावर दुसरा त्याच काचेवर शेजारी बसवला.

धुतलेला काळा. न धुतलेला लाल.

नंतर धुण्याचं उरलेलं पाणी तपासलं. त्यात आहे. सगळं त्यात आहे. माझा थेंब धुतल्यावर ठेवलेला, म्हणून तो तेवढा चमकायचा.

पाचही कुत्र्यांचं करून बघितलं. पाचही लाल. दादाचं औषध, दादाचं झाकण, दादाचा चमचा, कशाचाही संबंध नव्हता. सुरुवातीपासून नव्हता. कोणी तुकडे बदलले नाहीत, कोणी वितळवले नाहीत. साहेबांनी काही केलं नाही. तलाव खात्याचा तो माणूस साहेबांकडे खात्याच्या पंप-घरातल्या मापन यंत्राबद्दल विचारायला येत होता, हेही आज कळलं.

मी ते विष स्वतःच्या हाताने धुऊन मोरीत ओतलं. तीन वेळा. आणि वर सही केली.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मारली. काही फरक पडला नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

चित्र छापून दादाकडे घेऊन गेले. टेबलावर पसरलं. “बघ. हे विष. पाचही कुत्र्यांत आहे. तू काही केलेलं नाहीस.”

त्याने चित्राला बोटसुद्धा लावलं नाही. विचारलं, “सोमवारी नव्हतं. आज कसं आलं?”

आता सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. वहिनी चहा घेऊन दारात उभी होती, दादा माझ्याकडे बघत होता, आणि मी म्हटलं, “नवी बाई आलीय एक. गबाळी आहे. तिने काचा खराब केल्या होत्या.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या बाईने माझ्या भावाला वाचवलं तिच्याच नावावर मी माझं पाप लिहून आले. इथे खरं लिहिते, कारण ही वही कोणी वाचत नाही.

आणि त्याचा उपयोगही झाला नाही. दादाने चित्राची घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाला, “लहानपणी मी काच फोडली तेव्हाही तू आईला सांगितलंस की मांजराने फोडली. पुरे आता, छोटे. नोकरी जाईल तुझी.”

“दादा, खरं आहे हे!”

“काय वाट्टेल ते करीन म्हणाली होतीस. केलंस. पण सात जीव गेलेत. मला खोटं नको.”

वहिनी फाटकापर्यंत आली. म्हणाली, “ते झोपेत मोजतात गं. एक, दोन. एक, दोन.”

२५ सप्टेंबर, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. धुणं, थेंब, आणि तो माझा भाऊ आहे हेही. आधी भाऊ सांगितला, कारण ते सोपं होतं.

ते पेपरवेट फिरवत बसले. म्हणाले, “प्रथिनांची पद्धत या कामाला तशीच वापरायची नाही, हे मलाही सुचायला हवं होतं. कागदावर सही माझीही आहे.” मग हळूच, “यंत्रातील तांत्रिक अडचण, असं लिहिता येईल. तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे.”

मला त्यांच्यावरही राग आला, ते भलेपणाने बोलत होते म्हणून. म्हटलं, “यंत्रात अडचण नव्हती. आणि मी काढलेलं चित्र माझा भाऊच मानत नाही, तर कोर्ट कशाला मानेल? माझा हात लागता कामा नये. तुकडा फ्रीझरमधून काढण्यापासून सहीपर्यंत तिने करावं. आणि पहिला अहवाल का चुकला ते स्वच्छ लिहावं.”

“चौकशी होईल.”

“होऊ दे.”

“सावकाश विचार करून—”

“सर, माझा भाऊ रात्रभर झाकणं मोजतोय!”

त्यांनी तिथल्या तिथे आदेश लिहिला. माझ्याकडून यंत्राच्या खोलीची किल्ली घेतली. बाहेर गबाळीला मी म्हटलं की पाचही काप तू करायचेस, न धुता. तिने विचारलं, “ताई, तुम्ही शेजारी उभ्या राहाल ना?” नाही म्हटलं. मग तिचं टेबल पुसून दिलं. ती हसत होती. तिच्याबद्दल मी दादाकडे काय बोलून आले ते मात्र तिला सांगितलं नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

स्टोअरमध्ये बसून काचांचे खोके मोजते. तलावाच्या काठाला दोरी बांधली आहे, असं शिपाई म्हणाला. आता बांधली. अकरा दिवस लोक तिथे पाय बुडवून बसत होते, माझ्या अहवालाच्या भरवशावर.

३ ऑक्टोबर, मंगळवार

अहवाल झाला. कापणारी, फवारणारी, तपासणारी, सगळीकडे गबाळीची सही. टोपणाशिवायच्या पेनाने केलेली, शाई फुटलेली. साहेब म्हणाले टपालाने पाठवू. मी म्हटलं मी नेते, पाकीट बंद करून द्या, तुमचं सील लावून. दादाला सील तुटायच्या आधी दिसलं पाहिजे होतं.

संध्याकाळी गेले. दादाने सील उलटसुलट करून बघितलं, मग फोडलं. चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. वहिनी त्याच्या मागे उभी राहून खांद्यावरून वाचत होती.

‘पाचही प्राण्यांच्या यकृतात शेवाळजन्य विष आढळले. मृत्यूचे कारण तेच.’

“म्हणजे मी नीट मोजलं होतं,” दादा म्हणाला.

“हो.”

“दोन झाकणं.”

“हो दादा.”

तो रडला. मी त्याला आईच्या वेळीसुद्धा असं रडताना बघितलं नव्हतं. वहिनीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तीही रडायला लागली. मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. वाटलं, आज एवढ्यावर उठून जावं. दुसरं पान तो उद्या वाचेल, नाहीतर वाचणारही नाही.

मग त्याने नाक पुसून पान उलटलं. मोठ्याने वाचायला लागला. ‘पहिल्या तपासणीत तंत्रज्ञाने ऊतीचे काप धुतल्यामुळे पाण्यात विरघळणारे विष निघून गेले. सदर चूक तीनही वेळा झाली.’

तो थांबला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना. माझा दादा कधी कुत्र्यावरसुद्धा ओरडलेला नाही.

“म्हणजे तू खरं बोलत होतीस त्या दिवशी. ती नवी बाई.”

मी पाकिटावरचं फुटलेलं सील बोटाने जुळवत बसले.

“तीन वेळा!” तो ओरडला. कागद टेबलावर आपटला. “एकदा चूक होते माणसाची. तीन वेळा? एकदाही वाटलं नाही तिला की आपलंच काही चुकलं असेल? मी सात घरी पत्रं लिहिली! त्या बारक्या पोरीला लिहिलं की तुझा कुत्रा मी मारला! बायकोला झोपू दिलं नाही मी महिनाभर! आणि ही बया तिकडे काचा धूत बसली होती!”

“अहो, हळू,” वहिनी म्हणाली.

“हळू काय? अठरा वर्षं!” तो माझ्याकडे वळला. “तिला इथे आण. मला काही करायचं नाही तिचं. फक्त एकदा माझ्यासमोर उभी कर. तोंड बघू दे मला तिचं.”

मी खुर्चीवरून उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.